गांजा, गोळी आणि अडकलेले शब्द

"डॉक्टर, मी 27 वर्षांचा आहे. पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासमध्ये राज्यशास्त्र शिकवतो. गेली तीन वर्षं रोज रात्री गांजा ओढतो. एखादा जॉइंट, शनिवार-रविवारी जास्त. वर्षभरापासून मित्र अधूनमधून 'हायड्रो' (मातीऐवजी पाण्यावर वाढवलेला कडक गांजा) आणतो, तो फार चढतो. इतके दिवस काही त्रास नव्हता. पण चारेक महिन्यांपासून शिकवताना शब्दच सापडत नाहीत. परवा भरलेल्या वर्गात 'महाभियोग' आठवेना. 'ते राष्ट्रपतींना काढायचं असतं ना, ते' असं म्हणत हात हवेत फिरवत उभा राहिलो. शेवटी पहिल्या बाकावरच्या मुलीनं शब्द पुरवला. मुलं हसली, मीही हसलो, पण रात्री झोप लागली नाही. कधी वाक्य सुरू करतो आणि कुठे निघालो होतो तेच विसरतो. बोटांना मुंग्या येतात, कोल्ड्रिंक बेचव लागतं, वजनही थोडं उतरलंय. नेटवर वाचलं की गांजानं भाषा जाते. माझी कायमची गेली का? रूममेट म्हणतो, नैसर्गिक वनस्पती आहे, आयुर्वेदात आहे, काही होत नाही. मायग्रेनसाठी न्यूरोलॉजिस्टकडे जातो, त्यांची टोपिरामेट नावाची गोळी चालू आहे, सकाळ-संध्याकाळ 50 मिलिग्रॅम. त्यांना गांजाचं बोललेलो नाही, पोलीस केस होईल अशी भीती वाटते. आईला सांगावं का?"

मित्रा,

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू जाता जाता लिहून गेलास: टोपिरामेट. तिच्याकडे येतेच. पण प्रश्न तू गांजाचा विचारला आहेस आणि गांजाही काही सोवळा नाही, तेव्हा आधी त्याचं बघू.

नशेत असताना बोलणं बिघडतं हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बोलण्याची गती मंदावते, शब्दांमधली अंतरं वाढतात, आणि मुख्य म्हणजे वाक्य शेवटपर्यंत पोचत नाही. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. ते येईपर्यंत कर्ता कोण, कर्म काय, हे सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. गांजा नेमकं हे धरून ठेवणं ढिलं करतो. म्हणून चढलेल्या मंडळींच्या गप्पांत "मी काय सांगत होतो?" हे वाक्य दर पाच मिनिटांनी येतं आणि त्यावर सगळे पोट धरून हसतात.

असं का होतं, तेही समजून घे. गांजातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य म्हणजे टीएचसी. 1964 मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. मेंदूत ते नेमकं कुठे जाऊन बसतं, ती सीबी1 नावाची ग्राहकं, म्हणजे पेशींवरच्या बसायच्या जागा, सापडायला त्यानंतर पंचवीसेक वर्षं गेली. ही ग्राहकं हिप्पोकॅम्पसमध्ये म्हणजे नव्या आठवणी तयार करणाऱ्या भागात दाटीवाटीनं आहेत, कपाळामागच्या भागात आहेत आणि हालचालींचा ताल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतही आहेत. हिप्पोकॅम्पस म्हणजे आवक-जावक बारनिशी लिहिणारा कारकून समज. टीएचसी आलं की टपाल येत राहतं, पण नोंद होत नाही. जुन्या फायली जागच्या जागी असतात, आज आलेला कागद मात्र कुठे गेला ते कुणालाच सांगता येत नाही. भाषेचं व्याकरण, उच्चार, शब्दांचे अर्थ, यांना गांजा सहसा धक्का लावत नाही. अपघातानंतर किंवा पक्षाघातानंतर भाषा जाते तसं हे जाणं नव्हे. ऐकलेलं किंवा वाचलेलं शब्दरूपात साठवणं आणि पुन्हा काढणं, ज्याला आम्ही शाब्दिक स्मृती म्हणतो, ती यात सगळ्यात जास्त मार खाते. नेटवर "भाषा जाते" असं लिहिणाऱ्यांनी हा फरक केलेला नसतो.

वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांचं काय होतं? तुझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारा अभ्यास अमेरिकेतला आहे. 1985-86 मध्ये चार शहरांतल्या 18 ते 30 वयाच्या तरुणांची नोंद झाली आणि मग पंचवीस वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला. 2016 मध्ये 3,385 जणांच्या स्मरणाच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. 15 शब्दांची यादी ऐकवायची आणि काही वेळानं आठवतील तेवढे शब्द सांगायला लावायचे, असली ती चाचणी. आयुष्यात गांजा जितका जास्त, तितके आठवलेले शब्द कमी. प्रमाण किती? रोज ओढण्याच्या हिशेबानं दर पाच वर्षांमागे दोघांपैकी एकाला एक शब्द कमी आठवेल, एवढं. हे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, कारण शिकवणाऱ्या माणसाची रोजीरोटीच शब्दांवर असते. पण भरल्या वर्गात 'महाभियोग' गायब होण्याचं कारण म्हणून तीन वर्षांचा हा हिशेब मला अपुरा वाटतो.

दुसरा, जास्त गाजलेला अभ्यास न्यूझीलंडमधल्या ड्यूनेडिनचा. 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांना 38 व्या वर्षापर्यंत तपासत राहिले. शाळकरी वयात सुरुवात करून पुढे वर्षानुवर्षं ओढत राहिलेल्यांचा बुद्ध्यांक सरासरी 8 गुणांपर्यंत घसरलेला दिसला. यावर बराच वाद झाला. घरची परिस्थिती, शिक्षण यांचा हिशेब नीट धरला नाही असा आक्षेप आला, आणि नंतर जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांत गांजाचा थेट दोष तितकासा दिसला नाही. पण तुझ्यापुरता मुद्दा वेगळा आहे: मोठेपणी सुरुवात करणाऱ्यांमध्ये ती घसरण ड्यूनेडिनमध्येही आढळली नव्हती. तू चोविसाव्या वर्षी सुरू केलंस. हे बक्षीस म्हणून घेऊ नकोस, फक्त "कायमची गेली का" ही भीती उशाशी घेऊन झोपू नकोस.

परत येतं का, याचं उत्तर तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. 2001 मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप यांच्या गटानं आयुष्यात हजारो वेळा गांजा ओढलेल्या लोकांना 28 दिवस बंद करायला लावून तपासलं. पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी ते शब्दांच्या यादीत मागे होते. अठ्ठाविसाव्या दिवशी इतरांमध्ये आणि त्यांच्यात लक्षणीय फरक उरला नव्हता. 2018 मध्ये 16 ते 25 वयाच्या मुलामुलींवर असाच एक महिन्याचा प्रयोग झाला. त्यांचं नवे शब्द शिकणं सुधारलं, आणि सुधारणेचा मोठा वाटा पहिल्या आठवड्यातच दिसला. रोज ओढणाऱ्याची अडचण ही की त्याला तो पहिला आठवडा कधी मिळतच नाही. टीएचसी चरबीत साठतं आणि सावकाश बाहेर पडतं. तू रात्री ओढतोस, सकाळी स्वतःला शुद्धीवर समजून क्लासला जातोस, पण पाटी पूर्ण कोरी झालेली नसते.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या गोष्टी गांजाच्या चौकटीत बसत नाहीत, त्या बघ. तीन वर्षं रोजचा गांजा आणि तक्रार मात्र चार महिन्यांची. बोटांना मुंग्या. कोल्ड्रिंक बेचव. उतरलेलं वजन. आणि नवीन काही विसरण्यापेक्षा वर्षानुवर्षं तोंडात असलेला शब्द ऐनवेळी न सापडणं. हे सगळं एकत्र वाचलं की माझ्यासारखीच्या डोक्यात एकच नाव येतं. टोपिरामेट मुळात फिटची गोळी, मायग्रेन वारंवार येऊ नये म्हणूनही देतात, आणि चांगली चालते. पण शब्द न सापडणं हा तिचा ओळखीचा दुष्परिणाम आहे, इतका ओळखीचा की परदेशातल्या रुग्णांनी तिच्या 'टोपामॅक्स' या ब्रँडच्या नावावरून 'डोपामॅक्स' (इंग्रजी 'डोप' म्हणजे मठ्ठ) असं टोपणनाव पाडलंय. हातापायांना मुंग्या येणं, भूक आणि वजन कमी होणं, सोडा घातलेली पेयं बेचव लागणं, हे तर तिचे शिक्केच. कोल्ड्रिंकची ओळ तू लिहिली नसतीस तर मी कदाचित एवढं ठामपणे बोलले नसते.

गोळी कधी सुरू झाली हे तू लिहिलेलं नाहीस. जुनं प्रिस्क्रिप्शन काढ आणि तारीख बघ. सुरुवात किंवा डोस वाढवणं पाच-सहा महिन्यांच्या आतलं निघालं, तर संशयिताची जागा तिची. हा परिणाम बहुधा डोसवर अवलंबून असतो आणि डोस कमी केल्यावर किंवा गोळी बदलल्यावर जातो. पण हे वाचून आज रात्री गोळी बंद करू नकोस. ती टप्प्याटप्प्यानं उतरवायची असते आणि कशी उतरवायची ते तुझे न्यूरोलॉजिस्ट ठरवतील. मायग्रेनसाठी दुसरी औषधं आहेत, ते त्यातलं एखादं निवडतील.

म्हणजे गांजा सुटला का? नाही. एकीकडे शब्द शोधण्याला अडवणारी गोळी आणि दुसरीकडे नोंद ठेवू न देणारा गांजा, अशा दोघांच्या कचाट्यात तुझा मेंदू सापडलाय असा माझा अंदाज आहे. वाक्याच्या मध्येच "कुठे निघालो होतो" होणं हे मला गांजाचं वाटतं, 'महाभियोग' गोळीचा. अंदाजच तो, तुला तपासल्याशिवाय याहून पुढे जाणार नाही. न्यूरोलॉजिस्टकडे जाशील तेव्हा बी12 आणि थायरॉइडची तपासणीही करून घे, विशेषतः शाकाहारी असशील तर. आणि झोप किती होते ते खरं सांग.

गांजा मात्र आजपासून बंद करता येतो, त्याला कुणाचं प्रिस्क्रिप्शन लागत नाही. दारू एकदम सोडल्यावर फिट येण्याचा जसा धोका असतो तसा इथे नाही. त्रास होतो पण. एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, झोप उडते, जेवण जात नाही, लागलीच झोप तर विचित्र स्वप्नं पडतात. पहिल्या आठवड्यात हे सगळ्यात जास्त आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. त्यात डोकंही दुखू शकतं, आणि मायग्रेनवाल्या माणसाला तेव्हा हमखास वाटतं की "गांजामुळेच तर डोकं शांत होतं." तिथे अनेकजण परत वळतात. तुझ्या डॉक्टरांना आधी सांगून ठेवलंस तर त्या आठवड्यासाठी ते काही देऊ शकतील. आणखी एक: जॉइंटमध्ये सिगारेटची तंबाखू मिसळत असशील, आणि आपल्याकडे बहुतेकजण मिसळतात, तर तुला दोन व्यसनं एकाच कागदात गुंडाळून मिळताहेत. पहिल्या आठवड्यातली निम्मी तडफड निकोटिनची असू शकते. ती ओळखून वेगळी हाताळ, नाहीतर गांजा सोडून सिगारेटच्या पाकिटावर जाशील.

एकट्यानं जमलं नाही तर 14446 हा सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा मोफत नंबर आहे, मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा 14416. आणि तू तर पुण्यातच आहेस, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण तिथेच आहे. तिथे जायला रस्त्यावर पडलेलं असावं लागतं अशी समजूत असेल तर ती आधी काढून टाक.

सुधारणा होतेय की नाही हे मनाच्या भरवशावर ठेवू नकोस, घाबरलेलं मन रोज वेगळा निकाल देतं. आठवड्यातून एकदा, त्याच वेळच्या तासाची दहा मिनिटं फोनवर रेकॉर्ड कर. घरी येऊन "ते हे…", "काय म्हणतात त्याला" किती वेळा आलं ते मोज, आणि वहीत तारीख घालून लिही. दुसरं, एका मिनिटात प्राण्यांची नावं किती येतात ते बघ, पुढच्या आठवड्यात भाज्यांची, मग गावांची. प्रत्येक वेळी प्राणीच घेशील तर यादी पाठ होईल आणि सुधारलो असं उगाच वाटेल. ही वही न्यूरोलॉजिस्टना दाखव. "शब्द अडकतात हो डॉक्टर" या तक्रारीपेक्षा ती त्यांना कितीतरी उपयोगी पडेल. तोवर तासाआधी फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवसाचे दहा-बारा अवघड शब्द लिहून ठेव. मुलांना वाटेल सर मुद्दे काढून देतात, आणि खरंच देतोस की.

त्या 'हायड्रो'बद्दल वेगळं लिहायलाच हवं. अमेरिकेत पोलिसांनी जप्त केलेल्या गांजात 1995 मध्ये टीएचसी सरासरी 4 टक्क्यांच्या आसपास होतं, 2014 मध्ये ते 12 टक्क्यांच्या आसपास गेलं. बंद खोलीत दिव्यांखाली वाढवलेला माल त्याहूनही कडक असू शकतो, आणि तुझा मित्र आणतो त्याच्यावर लेबल नसतं. 2019 मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, 10 टक्के किंवा त्याहून जास्त टीएचसीचा माल रोज ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराची, शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. सायकोसिसमध्येही बोलणं बिघडतं, पण वेगळ्या तऱ्हेनं. शब्द भरपूर असतात, त्यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही, आणि बोलणाऱ्याला ते जाणवत नाही. तुला तुझं अडखळणं इतकं टोचतंय हेच सांगतं की तू त्या वाटेवर नाहीस. पण लोक आपल्याबद्दल बोलताहेत असं वाटू लागलं, कुणी नसताना आवाज ऐकू आले, तर वही-बिही राहू दे, सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा.

आणि हे रूममेटलाही वाचायला दे: एकाएकी जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात उचलेना, तर "माल जास्त चढला" म्हणून झोपून राहायचं नाही. पक्षाघात तरुणांनाही होतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्यातला एक तास दही-लिंबू पाजण्यात घालवू नका.

रूममेटच्या आयुर्वेदाबद्दल थोडक्यात. भांगेचा उपयोग आयुर्वेदात आहे, विजया या नावानं, शोधन करून, मात्रा ठरवून, वैद्याच्या देखरेखीखाली. जॉइंट ओढा असं तिथे कुठे लिहिलेलं नाही. धोतराही नैसर्गिकच आहे, तो कुणी रोज रात्री खात नाही.

केसच्या भीतीबद्दल. गांजा ओढणं आपल्याकडे गुन्हा आहे हे खरं, 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या, कायद्याच्या कलम 27 प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कायद्यात कलम 64अ आहे, जे स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला अशा खटल्यापासून संरक्षण देतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेता येतं, हेही ध्यानात ठेव. डॉक्टरांना रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची असते, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे. व्यसनांशी निगडित मानसिक त्रासही त्या कायद्यात येतात. न्यूरोलॉजिस्टना तुझ्या गांजात पोलिसी रस नसतो. त्यांना एवढंच हवं असतं की गोळी कशावर पडतेय ते कळावं. वाक्यसुद्धा देते तुला: "डॉक्टर, मी तीन वर्षं रोज गांजा ओढत होतो, अमुक तारखेला बंद केला, आणि गोळी सुरू झाल्यापासून शब्द अडकतात." बाहेर बसल्या बसल्या फोनमध्ये लिहून ठेव, आत गेल्यावर तेवढंच वाच. ऐनवेळी शब्द अडकण्याचा प्रश्न तुझा आहेच.

राहिली आई. तिला सांगायलाच हवं असं मला वाटत नाही. तू 27 वर्षांचा आहेस, कमावतोस, उपचार तुझे तू करू शकतोस. पण पहिल्या पंधरा दिवसांत तू फोनवर तिच्यावर खेकसशील, जेवलास का विचारल्यावर तोडून बोलशील, आणि ती मायग्रेन वाढलं समजून काळजीत पडेल. तेव्हा "औषध बदलतंय, थोडे दिवस चिडचिड होईल, मनावर घेऊ नकोस" एवढं आधी सांग. बाकीचं सांगायचं की नाही, ते दोन महिन्यांनी वहीतली पानं बघून ठरव.